जुन्या लेन्सचें कुळशील

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं आपल्या मनापुढें बखरी, ताम्रपट, शिलालेख आणि दप्तरखान्यांतील रुमाल उभे राहतात. जें लिहिलेलें आहे तेंच बोलतें, अशी आपली एक समजूत होऊन बसली आहे. परंतु माणसाच्या हातून घडलेली प्रत्येक वस्तु हा एक प्रकारचा कागदच होय, आणि तो वाचावयास येईल त्याला ती वस्तु आपली जन्मकथा सांगूं लागते. मुंबईच्या चोरबाजारांत किंवा एखाद्या बंद पडलेल्या स्टुडिओच्या अडगळींत वीतभर लांबीची एक जड पितळी नळी सांपडते. दोन्ही टोकांस भिंगें असतात, बाजूस दांत्यांच्या पट्टीवर फिरणारी एक चावी असते, आणि वर नांव नसतें. किंवा असलें तर तें भलत्याच कोणाचें असतें. विकणारा म्हणतो, ही फार जुनी विलायती लेन्स आहे. घेणाराचा प्रश्न असतो : ही कोणत्या घराण्यांतली? या प्रश्नाचें उत्तर कसें मिळवितात आणि तें मिळवितांना छायाचित्रणाचा पाऊणशें-शंभर वर्षांचा इतिहास कसा उलगडत जातो, हें आज थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

शब्दांचा घोळ होऊं नये म्हणून आरंभींच एक खुलासा करतों. कांचेचा एकेक घासलेला तुकडा म्हणजे भिंग. अशीं दोन, तीन, चार किंवा अधिक भिंगें एका नळींत ठराविक अंतरावर बसवून जें साधन तयार होतें तिला आम्ही येथें लेन्स म्हणूं. फोटोग्राफर लोकही तसेंच म्हणतात. मोठ्या कॅमेऱ्याच्या लेन्स कॅमेऱ्यापासून सुट्या असत. लांकडी फळीवर स्क्रू मारून त्या बसवीत आणि पाहिजे तेव्हां काढीत. त्यामुळें कॅमेरा मोडला तरी लेन्स उरे, मालक मेला तरी ती विकली जाई, आणि चार-पांच हात बदलल्यावर तिचें मूळ कोणासच ठाऊक नसे.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढला. तेव्हांपासून बखर आणि अस्सल कागद यांतला भेद महाराष्ट्रांतील सुशिक्षितांस चांगला परिचित आहे. बखर मागाहून रचलेली, ऐकीव आणि अनेकदां धन्याची मर्जी राखून लिहिलेली असते. अस्सल कागद त्या प्रसंगाच्या वेळींच जन्मलेला असतो. लेन्सच्या बाबतींत हाच विवेक धरावा लागतो. नळीवर कोरलेलें नांव ही बखर होय. भिंगांचा आकार, त्यांची संख्या, त्यांचा क्रम आणि त्यांमधील अंतर हा अस्सल कागद होय. दोहोंत विरोध आला तर कागदावर विश्वास ठेवावा.

नांवावर विसंबूं नये याचीं कारणें अनेक आहेत. पॅरिसचे डार्लो यांच्यासारखे भिंगकार आपल्या लेन्स दूरदूरच्या व्यापाऱ्यांस पुरवीत, आणि व्यापारी त्यांवर आपल्या दुकानाचें नांव कोरून विकीत. झाइसच्या कारखान्यानें आपल्या लेन्स बनविण्याचे परवाने इंग्लंड, फ्रान्स व अमेरिका येथील कारखान्यांस दिले, तेव्हां एकाच रचनेवर निरनिराळ्या गांवांचीं नांवें दिसूं लागलीं. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीची फाळणी झाली आणि झाइसचे दोन कारखाने होऊन नांवाच्या हक्कासाठीं भांडूं लागले. त्या भांडणामुळें पूर्व जर्मनींतून परदेशीं जाणाऱ्या कांहीं लेन्सवर 'टेसार' या नांवाऐवजीं नुसतें 'टी' हें अक्षर आणि कारखान्याऐवजीं 'येनाहून' एवढेच शब्द येऊं लागले. कोर्टांतील दाव्याची छाया पितळेवर आणि ॲल्युमिनियमवर अशी उमटलेली असते.

तरी बखरही अगदींच टाकाऊ नसते. तिच्यांतून काळाची एक मर्यादा हातीं लागते. नळीवर जर्मन साम्राज्याच्या पेटंटाचीं आद्याक्षरें असतील तर ती १८७७ पूर्वींची नव्हे, कारण तो कायदाच त्या सालचा. 'प्रोटार' हें नांव असेल तर १९०० पूर्वींची नव्हे. त्याच रचनेस आधीं नुसतें 'अनास्टिग्माट' म्हणत. 'डागोर' असेल तर १९०४ पूर्वींची नव्हे. फोइग्टलेंडर यांच्या नांवापुढें ब्राउनश्वाइग हें गांव असेल तर १८४९ च्या अलीकडची, कारण व्हिएन्ना सोडून ते त्या सालीं तिकडे गेले. अमेरिकेच्या कोडॅक कंपनीनें १९४० नंतर आपल्या लेन्सच्या क्रमांकापूर्वीं दोन अक्षरें घालण्यास सुरुवात केली. 'कॅमेरोसिटी' या शब्दाच्या इंग्रजी लेखनांतील दहा अक्षरांस क्रमानें १ ते ९ व शेवटीं ० असे अंक दिले कीं तीं दोन अक्षरें सालाचे शेवटचे दोन अंक सांगतात. शककर्त्यांनीं शब्दांकांनीं शक सांगावा तसाच हा प्रकार. वाचणाराला किल्ली मात्र ठाऊक पाहिजे.

आतां अस्सल कागदाकडे वळूं. तो वाचण्यास फार मोठीं उपकरणें लागत नाहींत. अंधारलेली खोली आणि एक लहान दिवा पुरे. लेन्सचा एक भाग हातीं धरून त्यांत दिव्याचें प्रतिबिंब पाहावें. कांच आणि हवा जेथें जेथें भेटतात त्या प्रत्येक पृष्ठावरून एक स्पष्ट, तेजस्वी प्रतिबिंब परततें; दोन भिंगें जेथें पारदर्शक राळेनें एकमेकांस चिकटविलेलीं असतात त्या सांध्यावरून एक अत्यंत फिकें प्रतिबिंब येतें. लेन्स हलकेंच डोलविली म्हणजे हीं प्रतिबिंबें वेगवेगळ्या दिशांनीं सरकतात, आणि तीं मोजतां येतात. एकटें भिंग दोन तेजस्वी ठिपके दाखवितें. चिकटविलेली जोडी दोन तेजस्वी व एक फिका दाखविते. सुटी जोडी चार तेजस्वी दाखविते. नळी न फोडतां आंतलें सारें घर असें मोजतां येतें.

या मोजणीवरून घराणीं ओळखतात. पुढच्या व मागच्या दोन्ही भागांत दोन तेजस्वी व एक फिका ठिपका असेल तर ती बहुधा १८६६ सालीं जन्मलेली समभाग लेन्स होय. म्यूनिकचे श्टाइनहाइल आणि लंडनचे डालमेयर या दोघांस ती एकाच वर्षीं स्वतंत्रपणें सुचली, आणि मान कोणाचा यावरून पुष्कळ वाद झाला. दोन्ही भागांत दोन तेजस्वी व दोन फिके असतील तर गोर्झ यांची डागोर किंवा तिची एखादी नक्कल. पुढें चार तेजस्वी आणि मागें दोन तेजस्वी व एक फिका असेल तर १९०२ मध्यें येना येथें पाउल रूडोल्फ यांनीं सिद्ध केलेली टेसार मनांत यावी. आणि पुढें दोन तेजस्वी व एक फिका, मागें चार तेजस्वी, असें उलट असेल तर? येथें आपल्या पितळी नळीची गांठ या विद्येच्या मूळपुरुषाशीं पडते.

छायाचित्रणाची कला दागेर यांनीं १८३९ सालीं पॅरिसमध्यें जगापुढें मांडली, तेव्हां तिच्या कॅमेऱ्यांतील भिंगांतून उजेड इतका थोडा येई कीं तबकडीवर प्रतिमा उमटण्यास कित्येक मिनिटें लागत. देवळें, पूल, पुतळे यांचें चित्र निघे. माणसाचें निघणें कठीण. डोळ्याची पापणी न हालवितां उन्हांत तितका वेळ बसणार कोण? व्हिएन्नाच्या विद्यापीठांत योझेफ पेट्झवाल नांवाचे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांचा जन्म १८०७ सालचा, उत्तर हंगेरींतला. तें गांव आज स्लोव्हाकियांत आहे. त्यांचे सहकारी एटिंग्सहाउझेन यांनीं हा प्रश्न त्यांच्यापुढें ठेविला. तोपर्यंत भिंगकार लोक घासून पाहावें आणि पाहून घासावें या रीतीनें काम करीत. पेट्झवाल यांनीं किरणांचा मार्ग कागदावर आधीं आंकडेमोडीनें काढला. हें गणित एवढें अवाढव्य होतें कीं त्यांच्या मदतीस तोफखान्यांतील हिशेबांत तरबेज अशीं माणसें देण्यांत आलीं, असें सांगतात. १८४० सालीं रचना तयार झाली आणि व्हिएन्नाच्या फोइग्टलेंडर या जुन्या कारखान्यानें ती पितळेंत आणि कांचेंत उतरविली. तिच्यांतून पूर्वींच्या सुमारें सोळापट उजेड येई. जेथें मिनिटें लागत तेथें सेकंद पुरूं लागले, आणि माणसाचा चेहरा प्रथमच सुखानें तबकडीवर उतरला. आज आपल्या घरोघरीं पणजोबा-खापरपणजोबांचे जे तांबूस फोटो आहेत, त्यांचा जन्म या शोधाच्या पोटीं आहे.

परंतु या कथेचा उत्तरार्ध दुःखाचा आहे. पेट्झवाल यांस एकवार दोन हजार गुल्डन मिळाले असें म्हणतात. लेन्स मात्र हजारोंनीं खपल्या आणि प्रत्येकीवर फोइग्टलेंडर हें नांव झळकलें. दोघांत वितुष्ट आलें. पुढें दुसऱ्या एका रचनेच्या हक्कावरून तें विकोपास गेलें. इकडे फ्रान्स, इंग्लंड, अमेरिका येथील भिंगकारांनीं मूळ रचनेची बेधडक नक्कल केली आणि आपापलीं नांवें घातलीं. १८९१ सालीं पेट्झवाल वारले, तेव्हां त्यांची बुद्धि जगांतील बहुतेक प्रत्येक स्टुडिओंत काम करीत होती, आणि त्यांचें नांव क्वचितच एखाद्या नळीवर असेल. म्हणून आम्हांस असें वाटतें कीं दिव्यापुढें बसून ठिपके मोजणें हा नुसता शोकीनांचा खेळ नाहीं. नांवाच्या खालीं दडलेला खरा कर्ता कोण, हें त्या मोजणीनें निश्चित होतें आणि एका उपेक्षित मनुष्याचें ऋण थोडें तरी फिटतें.

परंतु एका साक्षीदारावर निकाल देऊं नये, हा न्यायाचा नियम येथेंही पाळावा लागतो. वर सांगितलेली मोजणी पाहा : टेसार उलटी धरली तर ती पेट्झवालसारखीच मोजते! मग दोहोंस ओळखावें कसें? पेट्झवाल लेन्सचे दोन भाग एकमेकांपासून पुष्कळ दूर, लांब नळीच्या दोन टोकांस असतात. टेसारचीं भिंगें जवळजवळ दाटीनें बसलेलीं असतात. शिवाय पेट्झवालचा पुढचा भाग एकटा काढून भिंतीवर धरला तर खिडकीची उलटी प्रतिमा सहज पाडतो. टेसारच्या पुढच्या जोडीस एकटीनें तें काम होत नाहीं म्हटलें तरी चालेल.

दुसरा घोटाळा मागच्या सुट्या जोडीचा. पेट्झवाल यांच्या मूळ रचनेंत या जोडींतलें कडांशीं जाड असें पोकळ भिंग आंतल्या बाजूस आणि फुगीर भिंग बाहेरच्या बाजूस असतें. डालमेयर यांनीं १८६६ सालीं हाच क्रम उलटा केला, आणि मागचा भाग थोडासा फिरवून सैल केला असतां चित्रास इच्छेनुसार मऊपणा यावा अशी सोय ठेविली. तेव्हां क्रम उलटा दिसला तर डालमेयर यांचें घराणें मनांत येतें. पण सावध राहिलें पाहिजे. कोणी तरी पूर्वीं पुसण्यासाठीं भिंगें काढून चुकीच्या क्रमानें परत बसविलीं असलीं तरी क्रम उलटाच दिसणार! डालमेयर यांची लेन्स स्वच्छ चित्र देते. चुकून उलटलेली लेन्स मधोमधही अंधुकच राहते. शिवाय भिंगांच्या धारेवर पाहावें. कांहीं फ्रेंच कारखान्यांत कारागीर पेन्सिलीनें धारेवर आपलें किंवा कारखान्याचें नांव लिहून ठेवीत. नळीच्या आंत अंधारांत तें जसेंच्या तसें राहतें. बाहेर व्यापाऱ्याची बखर आणि आंत कारागिराच्या हातचा कागद, असा योग एकाच नळींत जुळून येतो.

तिसरा घोटाळा आपल्या महाराष्ट्राच्या दृष्टीनें मौजेचा आहे. पेट्झवाल यांचीच रचना जादूच्या दिव्यांतही वापरीत. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत 'शांबरिक खरोलिका' या नांवानें कांचेवरच्या रंगीत चित्रांचे खेळ करून लोकांस थक्क केलें, हें पुष्कळांस ठाऊक असेल. अशा दिव्यांच्या लेन्सही पितळी, चावीच्या व दोन टोकांस भिंगें असलेल्याच असत. फरक असा कीं त्यांत उजेड कमी-जास्त करण्याची कांहींच सोय नसे. पडदा नाहीं, खांच नाहीं. त्या माणसाच्या डोळ्यासाठीं जुळविलेल्या असत, तबकडीसाठीं नव्हे. जुन्या तबकड्यांस निळा-जांभळा उजेडच दिसे. म्हणून अशा लेन्सनें डोळ्यास अगदीं रेखीव दिसणारें चित्र तबकडीवर पुसट उतरे.

खांचेचा उल्लेख आला तेव्हां तिचीही साक्ष घेऊं. लेन्सच्या नळीच्या मध्यावर आडवी चीर पाडून, मधोमध भोंक असलेली पितळी पट्टी तींत सारावी, ही युक्ति इंग्लंडांतील जॉन वॉटरहाउस यांनीं १८५८ सालीं प्रसिद्ध केली. त्यापूर्वीं भोंकाची चकती पुढून बसवीत. म्हणून मूळचीच खांच असेल तर लेन्स त्या सालाच्या आगेंमागेंची किंवा नंतरची. मूळची कीं मागाहून करवतलेली, हें चिरेच्या कडा सांगतात. पट्ट्यांवरचे किंवा कड्यावरचे आंकडेही वाचावे. १८८१ सालीं ब्रिटनच्या फोटोग्राफिक सोसायटीनें एक नवी मोजपद्धति सुचविली. तींत ४, ८, १६, ३२ असे आंकडे प्रत्येक पायरीस दुप्पट होत जातात. आजच्या पद्धतींत ८, ११, १६, २२ असे जातात. सोळाचा आंकडा दोन्हींत एकच, बाकीचे भिन्न. हें न ओळखतां कोणी जुनी लेन्स वापरली तर अर्धे फोटो काळे व अर्धे पांढरे व्हावयाचे.

लेन्सचें माप काढण्याची रीतही सोपी आहे. दूरच्या टेंकडीची किंवा कळसाची प्रतिमा कॅमेऱ्याच्या घाशीव कांचेवर स्पष्ट करून कांचेच्या जागेची खूण करावी. मग लेन्स जागची न हालवितां जवळची एखादी मोजपट्टी पुढें ठेवून तिची प्रतिमा तिच्याएवढीच पडेपर्यंत ती पट्टी आणि घाशीव कांच सरकवावी. कांचेच्या पहिल्या व दुसऱ्या जागेंतलें अंतर म्हणजेच त्या लेन्सची फोकल लेंग्थ. तें अंतर नऊ इंच भरलें तर लेन्स नऊ इंची. यास सूत्र पाठ असण्याची जरूर नाहीं, शाळेंतील मुलासही तें करून पाहतां येईल.

आपल्या प्रांतांत या वस्तु कधींपासून येऊं लागल्या? मुंबईंत १८५४ सालींच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे तींत प्रमुखपणें काम करणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकीं होत. म्हणजे पेट्झवाल यांच्या शोधानंतर अवघ्या चौदा वर्षांत मुंबईकर या विद्येच्या नादीं लागले होते. पुढें छपाईच्या धंद्यामुळें वेगळ्याच जातीच्या लेन्स इकडे आल्या. राजा रविवर्मा यांच्या तसबिरींचा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस होता. दादासाहेब फाळके हे सिनेमाकडे वळण्यापूर्वीं फोटोग्राफर आणि ब्लॉक बनविणारे कारागीर होते. रंगीत छपाईचें ज्ञान व यंत्रें यांसाठीं ते १९०९ सालीं जर्मनीसही जाऊन आले. ब्लॉक करणाऱ्या कॅमेऱ्याची लेन्स चेहऱ्याच्या लेन्सहून अगदीं निराळी. तिला घाई नाहीं, उजेड थोडा आला तरी चालतो. पण तांबडें, हिरवें आणि निळें अशीं तिन्ही चित्रें तंतोतंत एकाच मापाचीं पडलीं पाहिजेत, नाहीं तर छापतांना देवीच्या साडीचा कांठ एकीकडे आणि रंग दुसरीकडे जावयाचा. गोर्झ यांच्या आर्टार या लेन्सचीं चारही भिंगें सुटीं असतात. दिव्यापुढें आठ तेजस्वी ठिपके, फिका एकही नाहीं. आणि गंमत अशी कीं ब्लॉकच्या कामासाठीं चौकोनी भोंकांच्या पट्ट्या घालतां याव्यात म्हणून विसाव्या शतकांतील या लेन्समध्येंही खांच ठेवीत. खांच दिसली कीं लेन्स १८६० ची, असा निष्कर्ष काढणारा येथें हटकून फसतो. संगणकाच्या छपाईनें हे कॅमेरे मोडीत निघाले, आणि त्यांच्या लेन्स जुन्या बाजारांत आल्या.

युद्धाच्या मोडींतूनही कांहीं विलक्षण लेन्स बाहेर पडल्या. कोडॅकची एअरो-एक्टार ही दुसऱ्या महायुद्धांत विमानांतून रात्रीं जमिनीचे फोटो घेण्यासाठीं केलेली सात इंची अजस्र लेन्स. तिच्या कांचेंत थोरियम हें किरणोत्सर्गी द्रव्य मिसळलेलें असे. वर्षें लोटतां लोटतां तिची कांच चहासारखी पिंवळी-तांबूस होते. ज्याला हें ठाऊक नाहीं तो ती डागाळलेली म्हणून फेंकून देतो. ठाऊक असलेला ती कांहीं आठवडे उन्हांत ठेवितो आणि रंग पुष्कळ उतरतो. अशी लेन्स डोळ्याशीं लावून बसूं नये, हेंही त्यालाच माहीत असतें.

शेवटीं डागांविषयींच एक गोष्ट सांगावयाची आहे. जुन्या भिंगांवर कित्येकदां निळसर-जांभळी झांक दिसते. घेणारा ती मळ समजून खसखसून पुसूं लागतो, क्वचित् पॉलिशही करवितो. यॉर्कच्या कुक कारखान्यांत हॅरल्ड डेनिस टेलर नांवाचे भिंगशास्त्रज्ञ होते. १८९३ सालीं केवळ तीन सुट्या भिंगांची सुप्रसिद्ध लेन्स त्यांनींच रचली. त्यांच्या ध्यानीं आलें कीं अशी झांक चढलेलें जुनें भिंग नव्या स्वच्छ भिंगापेक्षां जास्त उजेड आंत सोडतें. त्यांनीं ती झांक कृत्रिम रीतीनें आणण्याचा प्रयत्न करून १९०४ सालीं पेटंटही घेतलें. पुढें १९३५ सालीं झाइसच्या कारखान्यांत स्माकुला यांनीं निर्वात पेटींत भिंगावर अतिसूक्ष्म पुट चढविण्याची रीत सिद्ध केली, आणि आजच्या प्रत्येक चष्म्या-कॅमेऱ्याच्या कांचेवर दिसणारी रंगीत छटा तेथून आली. कालानें कांचेवर जें आपोआप केलें त्याची शास्त्रानें तीस-चाळीस वर्षांनीं नक्कल केली. आणि तेंच काम हौशी माणूस फडक्यानें क्षणांत पुसून टाकतो!

पोथीवरचें हळदीकुंकू खरवडणारा, देवळाच्या शिल्पावर तैलरंग फासणारा आणि भिंग घासणारा हे तिघे एकाच पंथाचे. त्यांचा हेतु वाईट नसतो. परंतु वाचावयास येण्यापूर्वींच ते कागद धुऊन टाकतात. जुनी वस्तु हातीं आली तर प्रथम ती जशी आहे तशी पाहावी. ठिपके मोजावे, कडा तपासाव्या, पट्ट्यांवरचे आंकडे उतरून घ्यावे, आणि भिंगें काढलींच तर तीं कोणत्या क्रमानें व कोणत्या तोंडानें होतीं तें आधीं टिपून ठेवावें. नांव नसल्यास निराश होऊं नये, आणि मोठें नांव असल्यास हुरळून जाऊं नये. त्या नळींतून पूर्वीं कोणाकोणाचे चेहरे तबकडीवर उतरले असतील तें आतां कळणें नाहीं. परंतु ते ज्याच्या बुद्धीनें उतरले त्याचें नांव दिव्याच्या उजेडांत अजूनही वाचतां येतें, आणि तेवढें वाचून ठेवणें हें आपलें काम आहे.